हाताला लागलेला बैल

पोळ्याच्या दिवसांत बाजारात ओल्या काळ्या मातीचा वास आला की लातूरच्या सभागृहातली ती दुपार आठवते. मुदखेडजवळच्या एका खेड्यात मातीचे बैल घडवणाऱ्या जन्मांध मावशी होत्या. त्यांचा बैल पाठीवरच्या वशिंडापासून सुरू व्हायचा, कारण गोठ्यात त्यांचा हात आधी तिथंच पडायचा. त्यांना जग कसं कळतं हे डोळसांना कळावं म्हणून आम्ही चार महिने खपून व्हीआर फिल्म केली होती. डोळ्यांवर तो जाड चष्मा चढवला की सगळा अंधार, आणि हात फिरवाल तिथं बैल थोडाथोडा उजळायचा. त्या दुपारी लातूरला पहिल्या खेळाला पाहुणे म्हणून आलेले एक गुरुजी हवेत हात फिरवत "वा, वा" म्हणत होते. मावशींनी मला विचारलं, "त्यांच्या हाताला काय लागून राहिलं?" मी म्हणालो, "काही नाही, मावशी. दिसतं फक्त." "मग ते तुमचंच झालं की. माझं कुठं हाय त्यात?" असं म्हणत त्यांनी पिशवीतला ओला बैल काढून चाचपडत गुरुजींच्या हातात ठेवला. गुरुजी दचकले, आणि हातात काय आलं ते बघायला त्यांनी आधी चष्मा काढला. "काढला न्हवं?" मावशी म्हणाल्या. तरी ठरलेले खेळ देगलूरपर्यंत लावत गेलो. रोज तेच "वा, वा". काल बाजारातून मातीचा बैल आणला तर घरी लाइट गेलेली. पिशवीत हात घातला, आणि वशिंड लागायच्या आत दुसऱ्या हातानं मोबाईलची बॅटरी लावली.