कोरडा कूलर

मारेगावात आमचं गादीचं दुकान आहे. कापूस पिंजायचं मशीन सुरू झालं की अशी बारीक धूळ उडते, की गिऱ्हाईक काळ्या केसांनी आत येतं आणि म्हातारं होऊन बाहेर पडतं. त्या धुळीनं बाबांचा खोकला इतका वाढला, की डॉक्टरांनी त्यांना दुकानात पाय ठेवायची बंदी केली. बाबा घरी बसले आणि घरातली शांतता गेली. आलेल्या पाहुण्यांना उठवून ते त्यांच्या खालची गादी दाबून पाहायचे आणि कुठल्या दुकानानं फसवलं ते सांगायचे. शेवटी आईनं मला बजावलं, "यायले दुकानात ने, नाही तं मी चालली माहेरी."

मलाही ते हवेच होते. दुकानात कोणी माझ्यावर ओरडत नव्हतं आणि मला करमत नव्हतं.

हवा गाळायचं यंत्र घरी कसं करायचं, याचे व्हिडिओ मी मोबाइलवर पाहिले. त्यातल्या माणसाकडे चकाचक चौकोनी फिल्टर होते. माझ्याकडे माळ्यावरचा गंजका कूलर होता. पण कूलर तरी दुसरं काय करतो? तीन बाजूंनी हवा ओढतो आणि समोरून फेकतो. मी त्यातला पंप काढला, जाळ्यांतलं गवत उपसलं आणि त्या जागी आईची जुनी सुती पातळं दुहेरी करून ताणली. धूळ कापडाला अडू लागली, समोर स्वच्छ हवा येऊ लागली. मी स्वतःवर जाम खूश झालो आणि त्या हवेत बाबांची खुर्ची मांडली.

पण आमच्याकडे मे महिन्यात कोरडा कूलर कोणाला बघवत नाही. जो येई तो म्हणे, "भाऊ, गरम हवा मारून राह्यला ना हा. पानी टाक." हा कूलर नाही म्हटलं, की ते आधी कूलरकडे बघत, मग माझ्याकडे. वैतागून मी त्यावर खडूनं लिहिलं, 'पाणी टाकू नये'. शेजारच्या चहावाल्यानं ते वाचलं आणि विचारलं, "मंग काय डिझेल टाकतं?"

बाबा आले, खुर्चीत बसले, मला दोन शिव्या दिल्या आणि एकदाही खोकले नाहीत. मी आनंदानं घरी जेवायला गेलो. परत येतो तर बाबा बादली घेऊन जाळ्यांवर मगानं पाणी मारताहेत.

"बाबा, लिहिलं हाये ना त्यावर!"

"चष्मा घरी राह्यला. अन् कोरडा चालू होता बे. पंप जळला असता."

"पंप नाहीच त्यात!"

"मंग तं अजूनच पानी टाका लागते."

ओल्या कापसाचा कुबट वास दुकानभर पसरला. मी चरफडत जाळ्या उन्हात ठेवल्या. दुपार कलेपर्यंत त्या खडखडीत वाळल्या. बाबांनी एका कोपऱ्याला नख लावलं, तर धुळीचा अख्खा थर कापडावरून सुटून आला, करडा, घोंगडीसारखा जाड. तो हातात धरून ते उभेच राहिले.

"हे माह्या छातीत गेलं असतं?"

"हो."

"मले तं हवेत बसवलं. अन् तू उभा राह्यतं मशीनवर."

"मी रुमाल बांधतो ना."

त्यांनी माझ्या गळ्यातला रुमाल ओढून घेतला, पण शिवी दिली नाही. बाबांनी शिवी दिली नाही की मला धास्ती वाटते.

सकाळी ते माझ्याआधी दुकानात पोचले होते. कूलरचं तोंड त्यांनी मशीनकडे फिरवलं होतं आणि खुर्ची मागच्या कोपऱ्यात नेली होती. नाकाला माझा रुमाल होता. मी मशीनपाशी पोचेपर्यंत त्यांनी मशीनचं आणि कूलरचं, दोन्ही बटणं दाबली. पिंजलेला कापूस जो उडाला, तो थेट चहावाल्याच्या दुधाच्या पातेल्यात. तो तिकडून बोंबलत आला. समोरचं काही दिसत नव्हतं.

"लागते ना बे तुले हवा?" रुमालातून बाबा ओरडले.

"लागते, बाबा," मी म्हणालो, आणि मशीन बंद करायला माझा हातच उठेना.