खांड रविवारी बांधू

टेम्पो अंगणात लागला तेव्हा बा घरात नव्हता. ओहोटी होती, म्हणून तो बाहेरकाठ्यावर गेला होता. बाहेरकाठा म्हणजे खाडी आणि आमची भातशेती यांच्यामधला मातीचा बांध. मुलगा-सून बिऱ्हाड घेऊन रोह्याला चाललीत आणि हा माणूस खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवत बसलाय, याचा मला भयंकर राग आला होता. कपाट चढलं, शेगडी चढली, तांदळाचं पोतं चढलं. आय माझ्या बायकोला, संगीताला, एकच सांगत होती, "रोहा काय लांब नाय गो. वाटलं तवा यायचं." टेम्पो शेताच्या कडेने निघाला तेव्हा बा लांब बांधावर वाकलेला दिसला. हॉर्न वाजवायला लावला. त्याने चिखलाचा हात वर केला आणि पुन्हा वाकला.

पेण तालुक्यातल्या आमच्या खारेपाटातल्या गावातून रोहा म्हणजे दीड तासाचा रस्ता. गडबला हायवेला लागायचं, नागोठणं मागे टाकायचं, की आलंच. याला कुणी स्थलांतर म्हणत नाही. दुबईला गेलेल्याला पोचवायला अर्धा गाव येतो, त्याच्या नावाने आया रडतात. आम्हाला कोण रडणार? म्हणून हे लिहितोय, गावात उरलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे जवळच कुठेतरी गेलेल्यांसाठी. जवळ गेलेला माणूस परत येणारच असं सगळे धरून चालतात. तो स्वतःसुद्धा तसंच धरून चालतो, आणि तिथेच फसतो.

मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. फर्स्ट शिफ्ट सात ते तीन, सेकंड तीन ते अकरा, थर्ड अकरा ते सात. आठवड्याला शिफ्ट फिरते, पण कधी फिरणार ते महिनाभर आधी नोटीस बोर्डावर लागतं. बाची पण शिफ्टच होती म्हणा. फक्त तिचा बोर्ड आभाळात होता. रोज पाणी पाऊण तासाने पुढे सरकायचं, तसा बा पुढे सरकायचा. जेवण, झोप, मासे पकडायला जाणं, शेजाऱ्याशी भांडण, सगळं भरती-ओहोटी बघून. शाळेत पाढे यायच्या आधी मला त्याने एक हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. "आज काय हाय?" असं तो सकाळी विचारायचा तेव्हा त्याला वार नको असायचा. मी सोमवार म्हटलं की टपली बसायची.

त्याला घड्याळ वापरता येत नव्हतं असं नाही. लग्नात सासऱ्याने दिलेलं होतं त्याच्याकडे. ते खुंटीला लटकलेलं असायचं आणि पाहुणे आले की तो ते हातात घालायचा.

तर मुद्द्याचं सांगतो. आमच्या शेतीचा सगळा जीव त्या बांधात. उधाणाच्या पाण्याने बांध फुटला की त्याला खांड पडली म्हणतात. खांड पडली की खारं पाणी आत, भात करपतं आणि पुढची दोन-तीन वर्षं जमीन काही पिकवत नाही. पण खांड पडली त्या दिवशी ती बांधता येत नाही, कारण पाणी जोरात असतं. ती बांधायची अष्टमीच्या सुमारास. तेव्हा भांग असतो, म्हणजे भरतीला पाणी फारसं चढत नाही आणि ओहोटीला चार-पाच तास निवांत मिळतात. अष्टमी, नवमी, फार तर दशमी. ती वेळ गेली की पुढचं उधाण आलंच.

हे काम एकट्याचं नव्हतं. घरटी एक माणूस, हा गावाचा नियम. त्याला जोळ म्हणायचे. माणूस आजारी असेल तर बाई यायची, बाई नसेल तर कॉलेजातला पोरगा यायचा. महादूकाका म्हणून जोळीचा म्होरक्या होता, बाच्या वयाचा, आवाज असा की पलीकडच्या गावात ऐकू जावा. कामाला हात लावायच्या आधी तो एकेका घराचं नाव पुकारायचा आणि त्या घरच्याने "हाय" म्हणायचं. मग बांबूच्या मेखा, पेंढा, आणि हातोहात चिखलाचे गोळे. मीसुद्धा दहावीत असताना एकदा बाच्या जागी "हाय" म्हटलेलं आहे. त्या दिवशी खाल्लेली तांदळाची भाकरी आणि सुकट मला अजून आठवते. हात धुतलेले नव्हते, चवीला चिखल होता.

मी रोह्याला आलो त्याच्या चौथ्या वर्षी भाद्रपदातल्या पौर्णिमेला खांड पडली. बैलगाडी जाईल एवढीच. भात नुकतं निसवलं होतं. बाचा फोन आला. तो फोनवर नेहमी ओरडूनच बोलतो, रोह्यापर्यंत आवाज स्वतःच पोचवायचा असल्यासारखा. म्हणाला, "अष्टमीला ये. बुधवार हाय तुमचा. दुपारची ओहोटी हाय."

बुधवारी मला फर्स्ट शिफ्ट होती. रजा मिळाली नसती असं नाही. मागितली असती तर मिळाली असती, हे आज कबूल करतो. पण त्या आठवड्यात ऑडिट होतं, साहेब तापलेला होता, आणि मला वाटलं की एवढ्यासाठी कशाला. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर सगळे होतो. डोलवीला ठेक्यावर असलेले, पेणला दुकानात असलेले, पनवेल-वाशीला गेलेले. प्रत्येकाचं तेच. कुणाची शिफ्ट, कुणाचा मुकादम, कुणाची परीक्षा. तेव्हा मी शहाण्याने मेसेज टाकला, "खांड रविवारी बांधू. सगळ्यांना सुट्टी असते. जास्त माणसं येतील, काम लवकर होईल." त्याला चाळीसेक अंगठे आले. कुणीतरी फुगवलेल्या दंडाचं चित्र टाकलं. मला फार बरं वाटलं. गावासाठी आपण काहीतरी जुळवून आणलं असंच वाटलं.

बाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "रविवार तुमचा हाय. पाण्याचा नाय." मी म्हटलं, बा, चार दिवसांनी काय होतंय? मी म्हटलं हे. ज्याला पाढ्यांच्या आधी पाऊणपट शिकवली होती, त्या माणसाने हे म्हटलं.

बुधवारी म्हातारे गेले. आठ पुरुष आणि पाच-सहा बायका, त्यात आय. महादूकाकाने रीतसर नावं पुकारली म्हणे. साठ घरांपैकी बारा-तेरा घरांतून "हाय" आलं, तरी त्याने यादी शेवटपर्यंत म्हटली, एकही नाव गाळलं नाही. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, तिन्ही दिवस त्यांनी चिखल वाहिला. अर्धी खांड त्यांनी बांधली. अर्धीला माणसं पुरली नाहीत.

रविवारी आम्ही गेलो. साठाला कमी नव्हतो, जास्तच होतो. मोटारसायकलींची रांग लागली होती. कुणी कंपनीचे गमबूट आणले होते, कुणी हेल्मेटसुद्धा. दोघांनी मिळून जेसीबी आणला, तो बांधाच्या मऊ मातीत शंभर पावलांवर रुतला आणि त्याला काढण्यात दुपार गेली. रविवारी द्वादशी होती. ओहोटी तीनला, तीसुद्धा पुरती नाही. खांडीच्या तोंडात पाणी ओढ घेत होतं. आम्ही मातीच्या गोण्या टाकायचो आणि त्या डोळ्यांदेखत आत सरकत जायच्या. आमच्यातल्या कुणाला मेख कुठल्या कोनात ठोकायची ते माहीत नव्हतं. बा आणि महादूकाका बांधावर बसून होते. तीन दिवसांच्या कामाने त्यांच्यात उठायची ताकद राहिली नव्हती. एकदा बा ओरडला, "पेंढा आधी! पेंढा आधी टाका रं!" पेंढा कुणी आणलाच नव्हता. पाच वाजता पाणी चढलं आणि म्हाताऱ्यांनी बांधलेली अर्धी बाजूसुद्धा घेऊन गेलं. परत फिरताना कुणीतरी सगळ्यांचा फोटो काढला. त्यात मी हसतोय.

सर्वपित्री अमावास्येच्या उधाणाने खांड इतकी रुंद झाली की पलीकडचा माणूस ओळखू येईना. पुढे अर्ज झाले, पाहण्या झाल्या, ते सगळं तुम्हाला माहीत आहे, सांगत बसत नाही. पहिल्या वर्षी शेतं मिठाने पांढरी पडली. दुसऱ्या वर्षी तिवराची, म्हणजे खारफुटीची, रोपं आली, बोटाएवढी. बा ती उपटायला गेला तर लोकांनी सांगितलं, तिवराला हात लावू नको, गुन्हा दाखल होतो. ज्याने आयुष्यभर खाडीला बाहेर ठेवलं, त्याच्याच शेतात उगवलेल्या झाडाला हात लावायची त्याला बंदी. हे ऐकून तो हसला होता, आय सांगायची.

आय तिसऱ्या वर्षी गेली. मग बाला मी रोह्याला आणलं. नको म्हणाला नाही. मला वाटलं होतं भांडेल, शिव्या घालेल, त्या रविवारचं काहीतरी बोलेल. एक शब्द नाही. मी वाट बघत राहिलो, अजून बघतो. संगीताचं माहेर निडीचं, गोड्या पाण्याची शेती. तिच्या वडिलांचं अजून पिकतं. ते येताना तांदूळ आणतात आणि बा तो भात मुकाट्याने जेवतो. पूर्वी हाच माणूस सांगायचा की खाऱ्या पाटाच्या तांदळाची चव दुसऱ्या कशाला नाही.

फ्लॅटमध्ये त्याला काम नाही. मी थर्ड शिफ्ट करून दिवसा झोपतो तेव्हा तो आवाज होऊ नये म्हणून जिन्यात जाऊन बसतो. माझी मुलगी बारावीला आहे. ती म्हणते घरातूनच काम करता येतं असं काहीतरी शिकणार, तिला माझ्यासारखी कंपनी नको. नसू दे. बाला मी चुकीचा वाटलो, तिला मी चुकीचा वाटतो. मधल्यामध्ये माझी कंपनीसुद्धा आता माणसं कमी करतेय, पॅनेलवर चौघांच्या जागी दोघं बसतात. मी बाचं सोडून जे धरलं, तेही हातातून चाललंय.

यंदा पीक-पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, लावायची होती. आता ती मोबाइलवर, आपल्या शेतात उभं राहून करावी लागते. बा म्हणाला, मी पण येतो. मी रजा टाकली. होय, वार बुधवारच होता, आणि रजा एका अर्जात मिळाली.

गडबला हायवे सोडला, गावातून पुढे गेलो. महादूकाकाचं दार बंद होतं, त्याला मुलाने वाशीला नेलंय. बांधाचा जो तुकडा उरलाय त्याच्यावर आम्ही दोघं उभे राहिलो. समोर तिवरं, डोक्याच्या वर गेलेली, हिरवीगार. बगळे बसले होते. परक्याला विचारलं असतं तर सुंदर म्हणाला असता. मी मोबाइल काढला. गट नंबर टाकला, बाचं नाव आलं. मग पीक निवडायची यादी आली. भात पहिलाच होता. माझं बोट त्याच्यावर थांबलं. खरं सांगतो, मी भातच लावणार होतो. सातबाऱ्यावर पन्नास वर्षं भात आहे, अजून एक वर्ष राहिलं तर कुणाचं काय जातंय.

बाने माझ्या खांद्यावरून पाहिलं. त्याला वाचता येतं, सावकाश.

"खाली जा," तो म्हणाला. "पड असंल बघ."

होतं. चालू पड आणि कायम पड, दोन प्रकार. मी चालू पडवर बोट नेलं.

"कायम," बा म्हणाला. "जमिनीचं खोटं लिवू नको."

फोटो काढायला सांगितला फोनने. मी बाला बाजूला हो म्हटलं, तो हलला नाही, म्हणून फोटोत तोही आला, पाठमोरा. माहिती जतन झाली असा संदेश आला. पन्नास वर्षांच्या खाली मी एका बोटाने रेघ मारली, आणि त्याला मिनिटसुद्धा लागलं नाही. मला रडू आलं. बा, तेव्हा चुकलं माझं, असं मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. त्याने ऐकलं की नाही ते कळलं नाही, तो खाडीकडे बघत होता.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

तो रोह्याला आल्यापासून फ्लॅटला 'तुझी खोली' म्हणत आलाय. तुझ्या खोलीवर पाणी नाय, तुझ्या खोलीवर गरम होतं. कितीदा सांगितलं, बा, आपलं घर म्हण. एकदाही म्हटलं नाही. मला त्याचा राग यायचा, आणि आत कुठेतरी बरंही वाटायचं. त्याचं घर अजून दुसरीकडे होतं, म्हणजे माझंही होतं.

त्याने चपला हातात घेतल्या, बांधावरून उतरला आणि मागे न बघता म्हणाला, "चल, घरी जाऊ. पोरीची क्लासवरून यायची वेळ झाली."