आधी रडते की आधी पडते?

मुलगी दीड वर्षाची असताना शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात उंबऱ्याला अडखळून पडली. रडायला तिनं आ वासला, पण आवाज फुटेना. ओठ निळे पडले, अंग ताठ झालं, हातपाय दोनदा झटकले आणि मान टाकली. सासूबाईंनी धावत जाऊन चप्पल आणली, तिच्या नाकाला लावली. मिनिटभरात पोरगी शुद्धीवर आली. चपलेनंच आली, यात कुणाला शंका नव्हती. म्हणजे फिटच.

शेजारच्या चाची कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "वैनी, ही फिट न्हाय. रडता रडता श्वास कोंडतोय बघा. आमच्या धाकटीलाबी व्हायचं. मोठी झाली, आपसूक गेलं की."

मी शाळेत शिकवणारी बाई. बांगड्या विकणाऱ्या बाईचं काय ऐकायचं! डॉक्टरांनी विचारलं, हातपाय झटकले का? मी हो म्हटलं. रडण्याचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गोळी सुरू झाली.

गोळीनं पोर पेंगायची. घास तोंडात तसाच राहायचा. तरी महिन्या-दोन महिन्यांनी तसं व्हायचंच, मग डॉक्टर गोळी वाढवायचे. घरात एकच धोशा, "रडू नकोस, रडलीस की फिट येईल, मग मोठी गोळी." सगळ्यांत जास्त मीच म्हणायची.

सहाव्या वर्षी एका नव्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, "आधी रडते की आधी पडते?"

"आधी रडते. दर वेळी," मी म्हटलं.

ती फिट नव्हतीच. लहान मुलांचा रडताना असा श्वास अडतो, आपोआप सुटतो, वयाबरोबर जातो. चाचींनी एक पैसाही न घेता कुंपणावरून हेच सांगितलं होतं. माझ्या शिक्षणाला आग लागो, असं वाटलं. गोळी हळूहळू कमी करत बंद केली. "आता मोकळं रडू द्या तिला," डॉक्टर म्हणाले.

पुढच्याच महिन्यात तिचं बोट दाराच्या फटीत चेंगरलं. नख उखडलं, रक्त आलं. ती पांढरीफटक होऊन उभी राहिली. हूं की चूं नाही.

"आई, मी रडले नाही," ती म्हणाली. "गोळी नको."

मी तिला पोटाशी धरलं. रड गं, रड, म्हणून विनवलं, शेवटी ओरडले. तिला वाटलं मी रागावले. तिनं ओठ आणखी घट्ट मिटून घेतले.