चारशे पावलांवरची रास

लोव्हिनाबाई टेनींनी आमच्या टिल्बरी गावची चिटणीस म्हणून एकोणपन्नास वर्षं काम केलं. जन्म, मृत्यू, लग्नं, कुत्र्यांचे परवाने, मार्चमधल्या गावसभेतली भांडणं, सगळं त्यांच्याच अक्षरात. त्यांच्याविषयी गावाच्या दोनच तक्रारी होत्या. एक, बाई कॉफी पातळ करतात, आणि दुसरी, दप्तरात खोटं लिहीत नाहीत. दुसरीचा त्रास जास्त होता.

न्यू हॅम्पशायरच्या कायद्याप्रमाणे दर सात वर्षांनी प्रत्येक गावच्या पंचांनी शेजारगावच्या पंचांबरोबर शीव चालायची, खुणा बघायच्या आणि तसं नोंदवायचं. बाकीची गावं हल्ली नकाशावर बोट फिरवून मोकळी होतात. आम्ही चालतो, कारण लोव्हिनाबाई चालायला लावत. १९४७ पासून त्यांनी एकही फेरी चुकवली नव्हती. शिवाय आमच्या गावची एक जास्तीची रीत आहे. वायव्येच्या कोपऱ्यावर पोचलं की त्या फेरीचा एक दगड तिथल्या राशीवर ठेवायचा.

ही रास कशी सुरू झाली ते दप्तरातच आहे. इंग्लंडच्या राजाने गाव वसवायला जमीन दिली तेव्हा कोपरा म्हणून एक पाईनचं झाड नेमलं होतं. त्याच्या खोडावर राजाचा बाण कोरलेला, म्हणजे हा सोट राजाच्या जहाजाच्या डोलकाठीसाठी राखलेला, हात लावाल तर दंड. १७६५ च्या फेरीत झाड होतं. १७७२ च्या नोंदीत नुसता बुंधा आहे, ‘सबब दगड ठेवला’. झाड कुठे गेलं असं कुणी कुणाला विचारल्याची नोंद नाही. लोव्हिनाबाईंच्या माळ्यावर तीस इंच रुंदीच्या पाईनच्या फळ्या आहेत, एवढंच मी सांगतो.

बाईंची लाडकी नोंद मात्र १८६३ ची. गावचे पुरुष यादवी युद्धात लढायला गेलेले, म्हणून चार बायका शीव चालल्या. त्यांतल्या एकीने दगडाऐवजी शंखजिऱ्याची लादी ठेवली. थंडीत चुलीवर तापवून अंथरुणात पायाशी घेतात तसली, तारेची मूठ असलेली. तिचा नवरा गेटिसबर्गला पडला होता. नोंदीत तिचे शब्द आहेत : ‘दोघांची होती, एकटीला नको.’

दर फेरीला बाई ती लादी राशीत शोधत. सापडत नसे. राशीत दगडच मोजके होते.

“कुणीतरी लांबवली असेल,” पंच म्हणायचे. “आणि जुने दगड गेले जमिनीत खचून.”

“अख्ख्या न्यू हॅम्पशायरात दर वसंतात शेतातून दगड वर येतात,” बाई म्हणायच्या. “ते वेचून आपल्या बापजाद्यांच्या कमरा मोडल्या. आणि या राशीतले तेवढे खाली जातात होय?”

१९९६ च्या ऑक्टोबरात मी पंच म्हणून पहिल्यांदा शीव चाललो. शेजारच्या मार्शफोर्डकरांनी त्या वर्षी उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र आणि ते चालवणारा मोजणीदार आणला होता. आम्ही राशीपाशी पोचलो तर तो म्हणाला, कोपरा इथे नाहीच. तुमच्या हद्दीत चारशे पावलं आत आहे.

त्या चारशे पावलांत जंगल होतं, एक ओढा होता आणि खाली रस्त्याच्या कडेला लोव्हिनाबाईंचं घर होतं. गावाबाहेर राहणाऱ्याला गावची चिटणीस होता येत नाही. गावसभेत हातही वर करता येत नाही.

मार्शफोर्डचा पंच डोएन पिकेट बाईंना तीस वर्षं चिडवत आला होता. तो म्हणाला, “लोव्हिनाबाई, कुत्र्याचा परवाना आता आमच्याकडून घ्या बरं का.”

“माझा कुत्रा तुझ्या गावात पाऊल टाकायचा नाही, डोएन. त्याला अब्रू आहे.” मग बाई मोजणीदाराकडे वळल्या. “यंत्र काय म्हणायचं ते म्हणू दे. खूण दाखवा. शीव खुणेवर ठरते.”

पिकेटचा गुडघा धरला होता. दगडी बांधावर बसून त्याने डोनटची पिशवी उघडली. “तुम्हीच जाऊन बघा. बाई सांगतील ते मी डोळे मिटून लिहून देतो.”

म्हणून मोजणीदाराने दाखवलेल्या दिशेने मी आणि बाई दोघंच गेलो. १९३८ च्या वादळात आडवी झालेली खोडं अजून तिथे शेवाळून पडली होती. पंचाहत्तर वर्षांच्या बाई काठी टेकत माझ्या पुढे चालल्या होत्या. चारशेच्या आसपास पावलं झाली असतील. पाल्यात त्यांची काठी कशावर तरी वाजली. बाईंनी वाकून हाताने पाला सारला, तर गंजलेल्या तारेची मूठ दिसली. तिच्याखाली लादी होती.

बाई तिथेच जमिनीवर बसल्या. मी गुडघे टेकून पाला उपसत गेलो. लादी धरून चोवीस दगड निघाले. मध्ये वाफाभर खळगा, बुंधा कुजून गेल्याचा. त्याच्याभोवती ते बसवले होते. बाई एकेकावर हात ठेवून नोंदी म्हणू लागल्या. पांढरी गारगोटी १७७९ ची, निम्मे पंच सैन्यात. जात्याचा तुकडा १८२१ चा, डोंगरभर मेंढरं होती तेव्हाचा. मुठीएवढा एक १८७७ चा, तरुण पोरं पश्चिमेला निघून गेली आणि मोठा दगड उचलायला कुणी उरलं नाही तेव्हाचा. राज्याचा इतिहास मी शाळेत घोकला होता आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. इथे तो हातात घेता येत होता, गार आणि ओला.

“शेवटचा १९३३ चा,” बाई म्हणाल्या. “१९४० ची नोंद तुझ्या आजोबांची आहे, मर्ल. ‘रास पाहिली’ असं लिहिलंय.”

मला आजोबा माहीत होते. समोर पडझड झालेलं जंगल बघून पहिल्या कोरड्या उंचवट्यावर बूड टेकलं असणार, सायडर प्यायले असणार, आणि तिथेच एक दगड ठेवून घरी आले असणार.

“मी सात दगड खोट्या राशीवर ठेवले,” बाई म्हणाल्या. “आणि सातदा सही केली.”

“पाला परत सारून टाकू,” मी म्हणालो. “कुणी बघितलेलं नाही.”

“तू बघितलंस. तुझ्या पोटात काही राहतं का, बायकोला विचार.” लादीची मूठ त्यांनी सोडली नव्हती. “हिला मी एकोणपन्नास वर्षं शोधतेय रे. आता माझ्या घरासाठी हिला पुन्हा पुरू? मला नाही जमायचं.”

त्यांनी पिकेटला हाक मारली. तो लंगडत आला, बघितलं आणि टोपी काढली. मग म्हणाला, “बाई, तुमच्या घरापाशी शीव जरा वाकवू या. आमचं कुणी बोलणार नाही.”

“आहे ती सरळ आहे. सरळच राहू दे.”

त्या वर्षीचा दगड आम्ही खऱ्या राशीवर ठेवला. चुकीच्या राशीवरचा आजोबांचा दगड दुसऱ्या दिवशी मी आणला. बाईंनी आपले सात मला उचलू दिले नाहीत. चार दिवस लागले त्यांना.

मार्चच्या गावसभेत त्यांनी आपली शेवटची नोंद वाचली. ‘१९४० ते १९८९ च्या आठ नोंदी चूक. त्यांतल्या सात माझ्या.’ मग वही मिटली, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि मागे परगावच्या लोकांच्या बाकावर जाऊन बसल्या. मतदान सुरू झालं तेव्हा सवयीने त्यांचा हात वर गेला. त्यांनीच तो दुसऱ्या हाताने खाली घेतला. मी मान वळवली.

२००३ च्या ऑक्टोबरात पुन्हा फेरी आली. मी खिशात दगड घेऊन राशीपाशी वाट बघत उभा होतो. मार्शफोर्डच्या बाजूने पिकेट चढून आला. त्याचा कोपर धरून लोव्हिनाबाई येत होत्या, वय ब्याऐंशी. मार्शफोर्डने त्यांना फेरीसाठी आपल्या बाजूने नेमलं होतं.

बाईंनी पिशवीतून शंखजिऱ्याची लादी काढली. त्यांचे यजमान टेनी वारले तेव्हापासून ती त्यांच्या चुलीमागे पडून असायची, मी पाहिलेली होती. मूठ घासून लख्ख केली होती. १८६३ च्या लादीशेजारी त्यांनी ती ठेवली, हलत नाही ना ते बघितलं आणि माझ्याकडे वळल्या.

“तुझा दगड कुठे आहे, मर्ल?”

एका फेरीला एकच दगड, ही रीत त्यांनीच मला शिकवली होती.

“आणायचा विसरलो,” मी म्हणालो, आणि खिशातल्या दगडावर मूठ मिटली.