घोडेस्वाराचा चेहरा

कसबा पेठेत श्रीधर पेंटर म्हटलं की लोक सरळ त्यांच्या घराकडे बोट दाखवत. वारलेल्या माणसांची फोटोवरून तैलचित्रं करून देण्यात त्यांची हयात गेली. गिऱ्हाइकाला आपला बाप जरा गोरा हवा असे, आणि श्रीधरराव पोटासाठी मुकाट्याने तो गोरा करत. या बापांचा त्यांना मनापासून कंटाळा होता.

जीव होता तो एका परक्या घोडेस्वारावर. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कुणी रंगवलेलं ते तैलचित्र. श्रीधररावांकडे त्याचं जुन्या पुस्तकातलं छापील पान होतं. डोंगरात एकटा राहून शिकार करणारा दाढीवाला, अंगात कातड्याचा डगला, मांडीवर आडवी बंदूक, मागे बर्फाची शिखरं. ना त्याला गिऱ्हाईक, ना घासाघीस. हे चित्र एकदा मोठ्या कॅनव्हासवर, फक्त स्वतःसाठी करायचंच, असं ते तरुणपणापासून म्हणत आले. आज करू, उद्या करू. मुहूर्त लागला तो डोळ्यांनी दगा दिल्यावर. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार. नजरेचा मधलाच भाग गेला, कडेचं तेवढं दिसे. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

तरी घोडा झाला, डोंगर झाले. चेहरा मागे राहिला. त्याच्याकडे रोखून पाहावं, तर तिथे नुसता करडा डाग. मग चौकटीच्या कोपऱ्याकडे पाहत, तिरक्या नजरेने चाचपडत त्यांनी तोही रंगवला आणि बायकोला हाक मारली.

नीरजाबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. नवऱ्याचं एकही चित्र त्यांनी धड वाखाणलं नव्हतं, एकदा तर घोड्यावर बसलेला बाप न्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर "घोडा होय? मला म्हैस वाटली," म्हणाल्या होत्या. आज त्या चित्राच्या अगदी जवळ गेल्या, मग दोन पावलं मागे आल्या.

"छान झालाय हो."

हातातला ब्रश तसाच धरून श्रीधरराव पुढे सरकले.

"डोळे कुठे आलेत?"

"डोळे असतात तिथेच."

"नीरजा, नीट बघून सांग."

"सांगितलं ना, छान झालाय. अगदी हुबेहूब."

बाईने चार शिव्या घातल्या असत्या तर त्यांनी चेहरा खरवडून पुन्हा केला असता. तिलाच कीव आली, आता काय करणार? त्यांनी हातातला ब्रश पुढे केला. तो घेऊन नीरजाबाई मोरीकडे निघाल्या.

"धुऊ नकोस," श्रीधरराव म्हणाले. "टाकून दे."