विमानाची आयुधपूजा

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या घरी सगळेच म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण त्या वर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मी जी धुसफुसत होते, त्याला कारण होतं. आमच्या विमानाचा रेडिओ करकरत होता, आणि का करकरतोय ते कुणाच्या बापाला कळत नव्हतं.

सिकंदराबादच्या बाजूला विमान चालवायला शिकवणारी एक छोटी संस्था होती, तिथे मी रेडिओची कामं बघायची. जामबागेतल्या घरून बस बदलत बदलत जायचे. आई शेजारणींना 'लेक रेडिओ दुरुस्त करते' एवढंच सांगायची. विमानाचं नाव काढलं की स्थळं येणार नाहीत अशी तिची ठाम समजूत. आता त्या विमानाला विमान म्हणायचं ते आपल्या मोठेपणाने. दोन माणसांचं, नाकावर पंखा असलेलं जुनं खटारं, आणि उडण्याजोगं तेवढं एकच. त्याचं इंजिन सांभाळायचे उस्ताद. पांढरी दाढी, गालात पान आणि बोलणं अस्सल हैदराबादी. आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर कॅप्टनसाहेब, हवाई दलातून निवृत्त झालेले. ते शिकवायचे आणि ओरडायचे.

शिकणाऱ्यांत तारनाक्याची एक मुलगी होती. वडील रेल्वेत गार्ड. मराठी म्हणून ती मला ताई म्हणायची आणि माझ्या डब्यातलं हक्काने खायची. त्या काळात नव्या खाजगी विमान कंपन्या निघत होत्या, आणि त्यांतल्या एकीकडून दिवाळीनंतर तिला निवडीसाठी बोलावणं होतं. तिचं सगळं झालं होतं. फक्त एकटीने लांबचं उड्डाण करून परत यायचं राहिलं होतं. नांदेडपर्यंत जायचं आणि यायचं. ते दिवाळीआधी झालं तरच कंपनी तिला बघणार, नाहीतर घरच्यांनी बँकेची परीक्षा ठरवून ठेवलेलीच होती.

आणि नेमका तेव्हाच रेडिओ बिघडला. कानाला यंत्र लावलं की नुसतं तळणीत मोहरी तडतडल्यासारखं. विमानतळाच्या टॉवरवरून कुणी काही सांगितलं की मुलगी म्हणायची, "से अगेन." पुन्हा सांगितलं की पुन्हा "से अगेन." पूर्वी टॉवरवाले मजेत चारदा सांगायचे, कारण दुसरं काम काय होतं त्यांना! पण आता नव्या कंपन्यांची मोठी विमानं सारखी उतरत होती. एक दिवस तिथून निरोप आला, की रेडिओ नीट होईपर्यंत या विमानात कुणीही एकटं उडायचं नाही.

मुलगी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, कराच काहीतरी." मी म्हटलं, "करते गं बाई, रडू नकोस, मला रडणाऱ्या माणसांचा राग येतो." मला स्वतःलाच रडू येत होतं, म्हणून तिच्यावर ओरडले.

तिचे वडील तर तिच्या प्रत्येक उड्डाणाला यायचे. माझ्या खोलीत एक जुना रेडिओसंच होता, त्यावर टॉवर आणि विमान यांचं बोलणं ऐकू यायचं. काका त्याच्यापाशी स्टूल ओढून बसायचे, मांडीवर स्टीलचा डबा. बायकोने दिलेला खाऊ, पण लेक जमिनीवर टेकेपर्यंत झाकणाला हात लावायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, "उंचीची भीती नाही हो वाटत. वर तिला कुणीतरी काही सांगतंय आणि तिला ते ऐकूच येत नाहीये, याची वाटते." मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

आता दोष इंजिनातच आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. इंजिन बंद ठेवून रेडिओ लावला की स्वच्छ. इंजिन सुरू केलं की तडतड, वेग वाढवला की तीही वाढते. इंजिनात ठिणगी पाडायला ज्या तारा जातात, त्या प्रत्येक ठिणगीबरोबर आपला खरखराट हवेत सोडत असतात. तो बाहेर पडू नये म्हणून तारेभोवती धातूची विणलेली जाळी असते. जाळी तो पकडते आणि इंजिनाच्या अंगात सोडून देते. छपरावरचं पाणी पन्हळीतून खाली जावं तसं. पन्हळ कुठेतरी तुंबली होती, पण कुठे?

कॅप्टनसाहेब म्हणाले, ताराच जुन्या झाल्यात, परदेशी मागवा. पूर्वी अशी वस्तू मागवायची म्हणजे परवान्यासाठी चपला झिजायच्या. आता मुंबईहून आठवड्यात खोकं हजर! थर्मोकोलमध्ये गुंडाळलेल्या नव्याकोऱ्या तारा बघून उस्तादांनी त्यांचा वास घेतला. "क्या माल है बेटा, शादी का जोड़ा लगरा," म्हणाले. आम्ही त्या बसवल्या, इंजिन सुरू केलं, मी कानाला यंत्र लावलं. तडतड तश्शीच! मी ते यंत्र काढून बाकड्यावर असं आपटलं की कॅप्टनसाहेबसुद्धा दोन पावलं मागे सरले.

मीटर लावून बघितलं. एक सुई जाळीला, दुसरी इंजिनाला. मीटर छान वाजला, म्हणजे जोड पक्का. मग काय, माझ्या रेडिओवरच संशय आला सगळ्यांचा. कॅप्टनसाहेब म्हणाले, "बघा, तुमचाच डबा खराब आहे." डबा! मी रागाने इंजिनाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. तिथे तारांच्या जाळ्या जिथे इंजिनाला पट्ट्यांनी आवळलेल्या असतात, त्या एका पट्टीशेजारी कुंकवाचं बोट दिसलं. माझंच. खंडेनवमीला आम्ही विमानाची पूजा केली होती. हळदकुंकू मी लावलं, नारळ कॅप्टनसाहेबांनी फोडला, आणि झेंडूची माळ उस्तादांनी पंख्याला स्वतःच्या हाताने घातली. दरवर्षीची पद्धत आमची.

चाळा म्हणून मी ते कुंकू नखाने खरवडलं. नखात कुंकवाबरोबर चंदेरी पापुद्रा आला. मी आणखी खरवडलं, आणखी आला. खाली काळपट धातू.

"अगं बाई!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की उस्तादांचं पान गिळलं गेलं असेल. पूजेआधी आम्ही तारा उतरवून, घासूनपुसून, अख्खं इंजिन चंदेरी रंगाने रंगवलं होतं! नवरदेव दिसावा म्हणून. रंग वाळल्यावर पट्ट्या पुन्हा त्याच्यावरच आवळल्या. धातूला धातू नीट टेकतच नव्हता, मधे रंगाचा थर. जाळीने पकडलेला खरखराट जाणार कुठे? परदेशी तारासुद्धा त्याच रंगावर बसवल्या होत्या. आणि पट्टीच्या स्क्रूचं एखादं टोक रंग भेदून आत टेकलं होतं; मीटरला तेवढं पुरत होतं, खरखराटाला नाही, म्हणून तो मला 'सगळं ठीक आहे' म्हणून फसवत होता. करकर दसऱ्यापासून सुरू झाली, हे आम्ही सगळे रोज बोलत होतो, पण एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता!

उस्ताद पट्टीकडे बघत राहिले. ब्रश त्यांच्या हातात होता ना त्या दिवशी. "मतलब मैंइच बीमारी लगाया इसकू?" त्यांचा चेहरा इतका पडला की माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "उस्ताद, रंग तुम्ही लावलात, तारीफ आम्ही सगळ्यांनी केली. आता कागद आणा घासायचा." मग आम्ही तिघं, हो, कॅप्टनसाहेबसुद्धा बाह्या सरसावून, प्रत्येक टेकायची जागा घासत बसलो. नवरदेवाची पार रया गेली.

इंजिन सुरू केलं. मी कानाला यंत्र लावलं आणि मला वाटलं रेडिओच बंद पडला, इतकं शांत. मग टॉवरवरचा माणूस कुणाशी तरी बोलत होता, त्याचा खोकलासुद्धा ऐकू आला. मी यंत्र उस्तादांच्या कानाला लावलं. "अगले साल सिरफ फूलां," ते म्हणाले, "रंग बिलकुल नक्को."

धनत्रयोदशीच्या सकाळी मुलगी निघाली. काका स्टुलावर, डबा मांडीवर, या वेळी चकल्या. निघतानाचं बोलणं ऐकू आलं, मग ती लांब गेली आणि संच मुका झाला. आमचे जीव टांगणीला. काका एकदा उठून दारापर्यंत गेले आणि उगाचच परत आले. उस्ताद इंजिनाला सांगावं तसं पुटपुटत होते. मी तीच एक तार उगाच पुन्हा पुन्हा जोडत बसले.

दुपार कलायला लागली तेव्हा संच खरखरला. टॉवरचा माणूस घाईघाईत सांगत होता, मोठं विमान उतरतंय, तुम्ही तळ्याच्या बाजूला वळा, एवढ्या उंचीवर थांबा, आम्ही सांगेपर्यंत पुढे येऊ नका. एका दमात आणि एकदाच.

काकांनी डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी हातातली तार खाली ठेवली.

लगेच तिचा आवाज आला. त्याने सांगितलेलं सगळं तिने जसंच्या तसं परत म्हटलं, एक आकडाही न चुकता. टॉवरने "बरोबर" म्हटलं आणि तो दुसऱ्या विमानाकडे वळला.

"ऐकू आलं तिला," काका म्हणाले.

"आलं, काका. पहिल्यांदाच सांगितलेलं आलं."

मला भरून आलं होतं, आणि ते लपवावंसं वाटलं नाही. काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला. मुलगी अजून तळ्यावर घिरट्या घालत होती, उतरायला वेळ होता. काकांनी मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पहिली चकली उस्तादांच्या पुढे धरली.