बाहीवरची चिमणी

माझ्या आत्याला घरात सगळे 'खटखट' म्हणत, कारण ती घरात आहे की नाही हे तिच्या पायमशीनच्या आवाजावरून कळायचं. लग्नानंतर वर्षभरातच ती एक पेटी आणि ते मशीन घेऊन भावाकडे, म्हणजे माझ्या बाबांकडे, परत आली होती. का आलीस, असं विचारलं की तिचं एकच उत्तर असायचं, "तिथे उजेड नव्हता." लोक त्यातून काय काय अर्थ काढायचे. काढोत बापडे. आल्या दिवशी ती सगळ्या खोल्या फिरली, पुढच्या खोलीतल्या रुंद खिडकीपाशी तिने मशीन लावलं आणि तिथेच ठाण मांडलं.

ती मशीनवर भरतकाम करायची. कापड लाकडी रिंगेत ताणून बसवायचं, ती रिंग सुईखाली दोन्ही हातांनी फिरवायची आणि पायाने मशीन चालवत राहायचं. सुई जागच्या जागी नाचते आणि कापडावर पान उमटतं, फूल उमटतं, कुणाचं नाव उमटतं. शाळेचे बिल्ले, उशांचे अभ्रे, रुमालांचे कोपरे हे तिचं नेहमीचं काम. सगळ्या कडा आत दुमडलेल्या. एक धागा बाहेर दिसेल तर शपथ.

मग एका हिवाळ्याच्या तोंडावर भेटवस्तूंच्या दुकानातल्या बाई आल्या. त्यांना नाताळच्या झाडावर टांगायला कापडी तारे, मोजे आणि चिमण्या हव्या होत्या. चकचकीत काही नको. कापड तरटासारखं जाडंभरडं, वर मशीनचं भरतकाम, आत कापूस, टांगायला सुतळी. आणि कडा उघड्या, दशा सुटलेल्या.

"उघड्या? आणि धुतल्यावर उसवलं म्हणजे?" आत्याने विचारलं.

"अहो, झाडावरचा तारा कोण धुतंय?"

आत्या दिवसभर फुरंगटून बसली. कडा लपवण्यात जिची हयात गेली, तिला त्या उघड्या टाकायला सांगणं म्हणजे अपमानच की. दुसऱ्या दिवशी मात्र तिने एक तारा कापला, नखाने त्याच्या दशा ओढल्या आणि तिला चक्क मजा वाटली. "बघ गं, दुमडलं नाही म्हणून काही कोसळत नाही," ती मला म्हणाली. त्यानंतर तिला आवरणं कठीण होतं. टेबलावर, कपाटावर, माझ्या दप्तरात, जिथे बघावं तिथे तारे.

नेमकी तेव्हाच बाबांना बढती मिळाली आणि बढतीच्या मागोमाग घरात सोफा आला. हा एवढा अगडबंब, मखमली. तो खिडकीखालीच शोभेल असं बाबांनी ठरवलं. शिवाय साहेब घरी आले तर पुढ्यात बाई खटखट करत बसलीय, हे कसं दिसेल? मशीन जिन्याखालच्या खोलीत गेलं. खोली आपली म्हणायची. बादल्या, झाडू, एक मोडकी सायकल आणि छताला एक पिवळा आजारी दिवा. त्यात लाल धागा आणि तपकिरी धागा सख्खी भावंडं दिसायची. आत्याने तिथेच स्टूल ओढलं आणि कामाला लागली. मला तर तिचा रागच आला.

आठवड्याने साहेब खरंच आले. चहा चालला होता, बाबा सोफ्याच्या टोकावर अवघडून बसले होते, आणि आत्या जिन्याखालून बाहेर आली. तिच्या डाव्या बाहीला लाकडी रिंग लोंबत होती आणि रिंगेत लाल छातीची चिमणी. अंधारात बाहीची कड रिंगेखाली सरकली होती आणि चिमणी शेपटीपासून चोचीपर्यंत बाहीलाच शिवली गेली होती.

"हे काय?" बाबांचा चेहरा पडला.

"चिमणी. दिसेना, तेव्हा बसली बाहीवर."

साहेब खो खो हसले. बाबा हसले नाहीत. साहेब गेल्यावर आत्याने रिंग सोडवली, चिमणीभोवतीचं जादा कापड कात्रीने कापून टाकलं, पण चिमणी उसवली नाही. "दादा, मला खिडकी हवी," ती म्हणाली.

"पुन्हा तो विषय नको. घराला बैठक लागते. तुला काम करायचंय ना? कर की तिथे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा कामावरून आले आणि दारातच अडखळले. सोफा जिन्याखाली कोंबलेला होता. निम्माच आत गेला होता. उरलेला निम्मा वाटेत. बाबा कसेबसे त्याच्यावरून चढून पुढच्या खोलीत आले. खिडकीपाशी मशीन खटखटत होतं.

"सोफा अंधारात टाकलास?"

"त्याला काय दिसायचंय?" आत्याने मान वर केली नाही.

"हे घर माझं आहे!"

तेव्हा मशीन थांबलं. आत्या उठून उभी राहिली. "उजेड नाही म्हणून एक घर सोडलंय मी, दादा. तेव्हा घाबरत घाबरत सोडलं होतं. हे सोडणार नाही. मशीन उचलून फेक, मी परत आणून लावीन. कितीदाही."

बाबांचा तिळपापड झाला. त्यांनी खरंच मशीनला हात घातला. ते बिडाचं धूड जागचं हललंसुद्धा नाही. धापा टाकत त्यांनी विचारलं, "एकटीने सरकवलंस कसं तू हे?"

"एकटीने नाही."

हा आवाज आईचा होता. माझी आई, जी सोफ्याचा रंगसुद्धा बाबांना विचारून आवडून घ्यायची. ती स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. "दुसरं टोक मी धरलं होतं. सोफ्याचंही."

बाबा तिथेच बसून मोजे काढायला लागले. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले आणि कुणीही मला दटावलं नाही.

आत्याने सुईत लाल धागा ओवला. "वहिनी, हात आणा इकडे."

"वन्सं, बोट जाईल माझं."

"आता दिसतंय मला."

आईने खुर्ची ओढली, मशीनपाशी बसली आणि बाहीची कड सुईखाली दिली. त्या नाताळात दुकानाच्या झाडावर दोन चिमण्या कमी होत्या.